माफीचे साक्षीदार

चित्रपट पाहण्याचा नाद पुष्कळांना असतो. मला चित्रपट पाहणाऱ्यांना पाहण्याचा नाद आहे. दिवे मालवले, पडद्यावर उजेड पडला, की माझे अर्धे लक्ष पडद्याकडे आणि अर्धे शेजारच्या खुर्चीकडे असते. आमच्या ह्यांना ते मुळीच खपत नाही. "तिकिटाचे पैसे पडद्यासाठी मोजलेत, त्या बाईंच्या चेहऱ्यासाठी नव्हे," असे ते मला कोपराने ढोसून सांगतात. पण करावे काय! चारचौघांत वावरताना माणूस तोंडावर जो शहाणपणा चढवून ठेवतो, तो काळोखात हळूच काढून मांडीवर ठेवतो. तेवढ्या दोन-अडीच तासांत तो खरा दिसतो. ही संधी दवडावी असे मला वाटत नाही.

या निरीक्षणातून प्रेक्षकांच्या काही जाती माझ्या ध्यानात आल्या आहेत. देवादिकांचा बोलपट पाहताना चपला खुर्चीखाली सारून हात जोडणाऱ्या आजीबाई ही एक जात. विनोद व्हायच्या आधीच हसून घेणारे गृहस्थ ही दुसरी. सासुरवाशिणीचे हाल पाहताना पदर डोळ्यांना लावणारी आणि घरी गेल्यावर सुनेला चहा उशिरा झाला म्हणून बोलणारी, ही तिसरी. रहस्यपटात पहिल्या दहा मिनिटांत "खुनी तो माळी!" असे मागल्या रांगेतून सांगून टाकणारे महाभाग तर आपण सर्वांनीच सोसलेले आहेत.

पण या साऱ्यांहून निराळा असतो तो खऱ्या खुनांवरून बेतलेल्या चित्रपटाचा प्रेक्षक. रहस्यकथेतला मुडदा हा कागदाचा असतो. तो पडला तरी आपल्या हातातली शेंगदाण्याची पुडी हलत नाही. खऱ्या खुनाची गोष्ट तशी नव्हे. ते घर कुठल्यातरी रस्त्यावर अजून उभे असते. त्या घराच्या शेजारी कुणीतरी अजून राहत असते. आणि पाहणाऱ्याला हे ठाऊक असते. ठाऊक असून तो पाहावयास येतो, घाबरतो, आणि घाबरायला मिळाले म्हणून समाधानाने परततो. या समाधानाचे काय करावे, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळतो आहे.

आम्हां पुणेकरांच्या वाट्याला असा एक चित्रपट आला. १९८६ साली तो निघाला आणि त्याचे नाव 'माफीचा साक्षीदार'. नाना पाटेकर त्यात मुख्य खुन्याच्या भूमिकेत होते. नावे बदललेली होती; परंतु ज्याने १९७६ साल पुण्यात काढले होते त्याला बदललेल्या नावांची काय मातब्बरी! जोशी-अभ्यंकर खून खटल्याचीच ती गोष्ट होती.

नव्या पिढीसाठी चार ओळी सांगते. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा माणसे मारली गेली. पहिला बळी मारणाऱ्यांच्याच कॉलेजातला मुलगा होता. तो नाहीसा झाला, एवढेच तेव्हा लोकांना कळले. मग ३१ ऑक्टोबरला, दिवाळी होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच, जोशी कुटुंबातल्या तिघांचा घरात घुसून खून झाला. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात एका रात्रीत पाच जण गेले. मार्चअखेर आरोपी सापडले तेव्हा गाव अधिकच हादरले. कारण ते कुणी सराईत दरोडेखोर नव्हते. टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकणारी ती मुले होती. १९७८ च्या सप्टेंबरात त्यांतल्या चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली.

त्या हिवाळ्यात मी कॉलेजात होते आणि आम्ही सदाशिव पेठेत राहत होतो. संध्याकाळचे सात वाजले की रस्ता ओस पडे. दिवसभर सताड उघडे असणारे आमचे दार बंद झाले ते तेव्हापासूनच. आईने सुतार बोलावून दाराला आतून साखळी बसवून घेतली आणि हुकूम सोडला, की नाव विचारल्यावाचून कडी काढायची नाही. आजीने हा हुकूम इतका मनावर घेतला की एकदा तिने प्रत्यक्ष पोटच्या मुलाला जिन्यात उभे केले.

"कोण?"

"मी!"

"मी कोण?"

"अगं आई, मी!"

"सगळेच मी म्हणतात. धाकट्या बहिणीचे नाव सांग."

काकांनी धाकट्या बहिणीचे नाव सांगितले, तिच्या यजमानांचे सांगितले, तेव्हा कुठे साखळी निघाली. आम्ही पोट धरधरून हसलो. पण ते हसू संपल्यावर सगळे जण क्षणभर दाराकडे पाहत राहिलो, हेही मला आठवते. दारावरची घंटा म्हणजे पाहुणा, पोस्टमन, नाहीतर विरजण मागायला आलेली शेजारीण, हा आमचा समज त्या वर्षी मोडला.

दहा वर्षांनी 'माफीचा साक्षीदार' लागला तेव्हा त्या समजाची आठवण घेऊनच आम्ही चित्रपटगृहात गेलो. पडद्यावर दाराशी कुणी आले, की आमच्या रांगेत हालचाल थांबे. माझ्या डाव्या बाजूच्या बाईंच्या हातात वेफर्सची पुडी होती. घंटा वाजताच त्यांनी ती अशी घट्ट आवळली की पुडी फाटून सगळे वेफर्स त्यांच्या मांडीवर सांडले. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "नको गं, उघडू नकोस," असे त्या पुटपुटत होत्या. मागच्या रांगेतला एक गृहस्थ आपल्या सोबत्याला प्रत्येक जागेचा खरा पत्ता सांगत होता आणि गंमत म्हणजे कुणीही त्याला गप्प बस म्हणत नव्हते. पुढच्या रांगांतली पोरे नाना पाटेकर दिसताच शिट्या घालीत. ती पोरे १९७६ साली पाळण्यात असतील. त्यांना नट दिसत होता; आम्हांला टिळक रस्ता दिसत होता.

आणखी एक प्रेक्षक मला दिसला आणि तो मी विसरू शकत नाही. ह्यांच्या पलीकडे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. धोतर, कोट, हातात काठी. बंगल्यातला प्रसंग सुरू झाला तसा त्यांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला आणि काचा पुसू लागले. प्रसंग चालू होता तोवर ते पुसतच होते. मध्यंतरात ह्यांनी सहज विचारले, "डोळ्यांना त्रास होतो का?" ते म्हणाले, "नाही. मी संस्कृतचा शिक्षक. शास्त्रीबुवांच्या कोशावाचून माझे पान हलत नाही." एवढेच. मध्यंतरानंतर त्यांची खुर्ची रिकामी होती.

तेव्हा मला त्या बोलण्याचा नीट उलगडा झाला नाही. पुढे ग्रंथालयात तो कोश मी हातात घेतला. महामहोपाध्याय काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांनी संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा इंग्रजीत कोश रचला. तो बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९६१ साली प्रसिद्ध झाला. १९६७ साली त्यांनी संपादलेला 'परिभाषासंग्रह' पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढला. पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वी एखादे अक्षर कोणत्या अर्थाने वापरले, हे शांतपणे उलगडून सांगणारा हा माणूस वयाची ऐंशी वर्षे ओलांडून गेला होता. त्या बंगल्यातले म्हातारे गृहस्थ ते हेच. त्या शिक्षकांना पडद्यावर खून दिसत नव्हता. त्यांना आपल्या टेबलावरचे पुस्तक दिसत होते. ज्याला मेलेला माणूस जिवंतपणी ठाऊक असतो, त्याला त्याचे मरण पाहवत नाही. बाकीच्यांना पाहवते, कारण बाकीच्यांच्या लेखी तो माणूस मरण्यासाठीच पडद्यावर आलेला असतो.

पुढे चारसहा महिन्यांनी नागपुरास वन्संकडे गेले असता तोच चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. खेळ तोच, पण माणसे निराळी. तिथेही लोक दचकले, ओरडले. परंतु दिवे लागताच झटकून उठले आणि दाराशी आईस्क्रीमवाल्याभोवती जमले. "पुणेकरांनी दार उघडायला नको होते," असे वन्संचे यजमान सहज बोलून गेले. त्यांना वाईट म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्यापासून ते घर साडेचारशे मैलांवर होते. अंतर वाढले की खुनाचा रहस्यपट होतो, एवढा बोध मी घेतला.

आमच्या शेजारी तेव्हा अण्णा म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. असले चित्रपट मुळात निघूच नयेत, असे त्यांचे ठाम मत. "हे मढ्याच्या टाळूवरचे लोणी आहे," असे ते म्हणत. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा लगेच उसळे. "घडले ते घडले. ते दाखवू नका म्हटल्याने पुसले जाते काय? लोक शहाणे होतात अशाने." अण्णा विचारीत, "किती शहाणे झाले? पोरे शिट्या घालीत होती, ते शहाणपणच ना?" यावर मुलगा गप्प बसे, पण अण्णांचेही समाधान झालेले दिसत नसे. कारण वर्तमानपत्रात त्या खटल्याची हकीकत छापून येई तेव्हा सकाळी पहिल्यांदा अंक हस्तगत करणारे आळीत तेच होते.

मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटे. पण त्या चित्रपटाचे नाव मात्र माझ्या मनात घर करून बसले. माफीचा साक्षीदार म्हणजे कोण? गुन्ह्यात सामील असलेल्यांपैकीच एक जण. सरकार त्याला माफी देते, ते त्याने कोर्टात सारी हकीकत सांगावी म्हणून. या खटल्यातही त्या मुलांच्या बरोबरचा असा एक जण होता आणि त्याच्या जबानीने खटला उभा राहिला. मात्र ही माफी फुकट नसते. ठाऊक असलेले सारे, काहीही न लपवता, खरे खरे सांगायचे, ही तिची अट. त्याने काही दडवले की माफी गेली आणि तो पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात.

पुष्कळदा मला वाटते, की खऱ्या खुनांचा चित्रपट पाहणारे आपण सारे याच जातीचे आहोत. आपण त्या घरात शिरतो. दार उघडणाऱ्याच्या पुढे काय वाढून ठेवले आहे, हे आपल्याला त्याच्याआधी ठाऊक असते. आपण ओरडत नाही. ओरडलो तरी ते तिकडे ऐकू जात नाही. सगळे पाहून आपण सुखरूप बाहेर येतो, रिक्षा ठरवतो आणि घरी जाऊन पिठले-भात खातो. कायद्याने आपण निर्दोष, यात शंकाच नाही. पण आपल्या माफीलाही काही अट असावी की नाही?

अलीकडे हा विचार पुन्हा वर आला तो नातीमुळे. चित्रपट पाहण्यासाठी तिला चित्रपटगृहाची गरज नाही. तळहाताएवढ्या मोबाइलवर ती जगातले कुठलेही खून पाहते. एके दिवशी मोठ्या पडद्याच्या टेलिव्हिजनवर तिने मला एक कोरियन चित्रपट लावून दिला. भाषा एक अक्षर कळेना. खाली इंग्रजी ओळी येत होत्या. बाँग जून-हो या दिग्दर्शकाचा, २००३ साली निघालेला 'मेमरीज ऑफ मर्डर'. दक्षिण कोरियात ह्वासाँग नावाच्या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले होते. त्यांवरून तो बेतला आहे. चित्रपट निघाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. पन्नास लाखांहून अधिक कोरियन माणसांनी तो चित्रपटगृहात जाऊन पाहिला.

त्यात पोलीस ठाण्यातले अनेक प्रसंग विनोदी आहेत. फौजदार मंडळी भलत्याच माणसाला धरून आणतात, लाथा घालतात, त्याच्याकडून कबुली पढवून घेतात. माझी नात खळखळून हसत होती. शेवटी मात्र ती सावरून बसली. शेवट असा आहे : बऱ्याच वर्षांनी तो फौजदार खुनाच्या जागी परत येतो. तिथे एक लहान मुलगी त्याला सांगते, की थोड्या दिवसांपूर्वी आणखी एक माणूस इथे डोकावून गेला. दिसायला कसा होता? तर अगदी साधा, कुणासारखाही. हे ऐकून फौजदार मान वळवतो आणि सरळ आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, पाहू लागतो. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहावयास येईल आणि तेव्हा ही नजर त्याच्या नजरेला भिडावी, असा दिग्दर्शकाचा हेतू होता.

"आजी, आणि तो खरंच सापडला बरं का," नात म्हणाली आणि तिने मला पुढची हकीकत सांगितली. २०१९ साली जुन्या पुराव्यांवरील डीएनएच्या तपासणीतून खुनी निष्पन्न झाला. मेहुणीच्या खुनाबद्दल तो १९९४ पासून तुरुंगातच होता. ह्वासाँगच्या खुनांबद्दल खटला भरण्याची मुदत २००६ साली संपून गेली होती. त्यामुळे त्याला त्यांची शिक्षा होऊ शकली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तो कोर्टात आला तोही साक्षीदार म्हणून. तो चित्रपट पाहिलास काय, असे त्याला विचारले गेले. त्याने पाहिला होता. एक चित्रपट म्हणून पाहिला, मनात काही आले नाही, अशा अर्थाचे त्याने उत्तर दिले.

मी चरकले. दिग्दर्शकाने साऱ्या देशाच्या गर्दीतून ज्याच्यासाठी ती नजर रोखली होती, त्याच्यापर्यंत ती पोचली आणि रिकामी परत आली. पण त्या उत्तरात माझ्या जुन्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते. पुडी फाडून वेफर्स सांडणाऱ्या बाई, चष्मा पुसणारे शिक्षक, साखळी लावणारी आमची आई, पेपरावर झडप घालणारे अण्णा, या सर्वांच्या मनात काही ना काही येत होते. भीती, चीड, कणव, नुसते कुतूहल का असेना! ज्याच्या मनात काहीच येत नाही असा प्रेक्षक एकच निघाला आणि तो खुनी होता. तेव्हा चित्रपट पाहून अंगावर काटा आला याची लाज वाटण्याचे कारण नाही. काटा येतो म्हणूनच आपण त्याच्या बाकावर बसत नाही.

उरलेले अर्धे उत्तर नातीनेच दिले, तिच्या नकळत. ती मोबाइलवर आणखी काही वाचीत होती. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. त्या दहा खुनांपैकी आठव्यासाठी पोलिसांनी एका तरुणाला १९८९ साली पकडले होते. पोलिओमुळे त्याचा एक पाय अधू होता. मारहाण करून, झोपू न देता त्याच्याकडून कबुली घेतली होती. वीस वर्षे तुरुंगात काढून तो २००९ साली सुटला आणि २०२० च्या डिसेंबरात न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. म्हणजे लोक ठाण्यातल्या त्या लाथांवर हसत होते तेव्हा तसाच एक निरपराध माणूस खरोखरीच्या कोठडीत होता.

"मी हसले होते ना गं त्या सीनला," ती म्हणाली.

"तिथे हसूच येईल असे त्यांनी दाखवले आहे, राणी," मी म्हटले.

"हो, पण आता नाही येणार."

मला वाटते, माफीची अट म्हणतात ती हीच. हसू नये किंवा पाहू नये, अशी ती अट नाही. पाहिल्यावर उरलेले सत्य विचारावे, एवढीच ती आहे. चित्रपट आपल्याला खुन्याचा चेहरा देतो. तो तर नटाचाही असल्याने विशेषच लक्षात राहतो. चाळीसहून अधिक वर्षे झाली, पण त्या चौघांपैकी जक्कलचे नाव अजून पुण्यात लहान पोरालाही ठाऊक असते. अभ्यंकरशास्त्र्यांचा कोश किती जणांना ठाऊक आहे? आणि 'जोशी-अभ्यंकर' या जोडनावात जिला जागाच मिळाली नाही, ती त्या घरात कामाला असलेली बाई? पाच जणांत तीही होती. संध्याकाळची भांडी आवरून तीही झोपायच्या बेतात असेल. तिचीही कुठेतरी वाट पाहणारी माणसे असतील. खटल्याला नाव पडले ते घरमालकांचे. चित्रपटाला नाव पडले ते साक्षीदाराचे. तिच्या वाटचे एक वाक्य तरी कुणी बोलायला हवे की नको?

ही दिवाळीची सुट्टी. फराळाचे ताट मांडीवर घेऊन घरोघरी मंडळी टेलिव्हिजनपुढे बसतील. मुले कुठलातरी 'सत्य घटनेवर आधारित' चित्रपट लावतील आणि आजी-आजोबा "सणासुदीला हे काय लावलंत!" म्हणत म्हणत तोच पाहतील. पाहा, अवश्य पाहा. चकली हातातच राहील इतके घाबरा. फक्त संपल्यावर बटण दाबण्यापूर्वी घरातल्या एखाद्या पोराने विचारावे, "त्या घरात कोण राहत होतं हो? काय करायची ती माणसं?" आणि कुणा वडीलधाऱ्याला ते ठाऊक असेल तर त्याने सांगावे, ठाऊक नसेल तर सर्वांनी मिळून शोधावे. आमच्याकडे हा प्रघात पडला आहे. नातीने परवाच ग्रंथालयातून तो व्याकरणाचा कोश आणवून घेतला. तिला त्यातले ओ की ठो कळत नाही. पण तो आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर आहे आणि येणारा-जाणारा विचारतो, "हे जाडजूड काय आहे?" मग ती सांगत बसते.